एनिडमावशीची फुली

बँकेचं पत्र मावशीने दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पत्र माझ्याकडे सरकवलं.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून तरी ते खरं वाटतंय का, बघू."

मी वाचलं. 'प्रिय श्रीमती ऑर्मरॉड, आपल्या तक्रारीची आम्ही सखोल चौकशी केली. मार्च २००३ मध्ये कर्ज घेताना आपण हप्ता-संरक्षण विम्याच्या चौकोनात स्वतःच्या हाताने खूण करून तो विमा निवडला होता, असे आमच्या नोंदींवरून दिसते. इतक्या काळानंतर ही गोष्ट आपल्या लक्षात नसणे स्वाभाविक आहे. आपली तक्रार आम्ही मान्य करू शकत नाही.'

"लक्षात नसणे," मावशी म्हणाली. "म्हणजे म्हातारीला भ्रम झालाय. मग तसं सरळ लिहा की, मेल्यांनो."

"मावशी, तसं नाही लिहिलेलं."

"तसंच लिहिलंय. तू शिकलेली आहेस, म्हणून तुला दिसत नाही."

त्याच टपालाने त्याच बँकेची दोन माहितीपत्रकं आली होती. एक घराच्या विम्याचं, दुसरं म्हाताऱ्यांच्या सहलींचं. मावशीने ती न उघडताच शेगडीजवळच्या टोपलीत टाकली. "नऊ वर्षं झाली, हा कचरा येतोय," ती म्हणाली. "नको म्हटलं तरी येतोय. निदान जाळ चांगला धरतो."

एनिडमावशी माझ्या आईची थोरली बहीण. तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. वॉटरफुटच्या सपातांच्या कारखान्यात तिने चोवीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. शिवून आलेली प्रत्येक जोडी तिच्या हाताखालून जायची आणि मगच खोक्यात पडायची. मी रसायनशास्त्र शिकले आणि नळाचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा ती आईला म्हणाली होती, "चला, घरात आणखी एक तपासनीस झाली."

त्या वर्षी आमच्या बेकप गावात जो तो विम्याच्या परताव्याबद्दलच बोलत होता. कर्ज घेताना ज्यांच्या गळ्यात न मागितलेला विमा मारला होता, त्यांना बँकांना पैसे परत करावे लागत होते. कुणी त्या पैशांत सोफा घेतला, कुणी टेनेरिफ बेटावर जाऊन उन्हात भाजून आलं. दिवसातून चारदा फोन यायचे, 'तुम्हाला कधी कर्जासोबत विमा विकला गेला होता का?' मावशी म्हणायची, "नाही. मी नको म्हटलं होतं," आणि फोन आपटायची. मला स्वतः पाहिल्याशिवाय राहवत नाही. मी तिच्याकडे जुन्या कर्जाचा कागद मागितला. नाताळच्या चॉकलेटांच्या पत्र्याच्या डब्यात तो घडी करून ठेवलेला होता. छप्पर दुरुस्त करायला घेतलेलं साडेचार हजारांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत. आणि खाली, हप्त्याच्या आकड्यातच मिसळून टाकलेले, विम्याचे महिन्याला पंचवीस पौंड अडुसष्ट पेन्स.

मावशीने बोट ठेवून तो आकडा वाचला. 

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तो पोरगेलासा कारकून म्हणाला, विमा घ्या म्हणजे बरं पडेल. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, मग तिथे खूण करा. मी फुली मारली. मारलीच होती फुली."

तेव्हा मी त्या शब्दाकडे लक्ष दिलं नाही. आपण म्हणतोच ना, त्या गोष्टीवर मी केव्हाच फुली मारली. मला वाटलं, बोलायची रीत आहे.

आम्ही तक्रार केली, आणि तिचं उत्तर हे असं आलं. उत्तरात 'आमच्या नोंदींवरून' असं होतं. म्हणजे नोंदी होत्या. मी बँकेकडे मूळ अर्जाची प्रत मागितली. त्यासाठी दहा पौंडांचा चेक जोडावा लागला.

"माझाच कागद, माझीच सही," मावशी चेक लिहिता लिहिता म्हणाली, "आणि बघायचे दहा पौंड! जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघायलासुद्धा याहून कमी पडतात."

सहा आठवड्यांनी प्रत आली. तिसऱ्या पानावर सहा चौकोन होते. 'श्रीमती', त्यात बरोबरची खूण. 'स्वतःचे घर', बरोबरची खूण. 'पूर्णवेळ नोकरी', बरोबरची खूण. 'हप्ता थेट खात्यातून कापावा', बरोबरची खूण. पाचवा चौकोन, 'मला हप्ता-संरक्षण विमा हवा आहे'. त्यात फुली. सहावा, 'इतर योजनांची माहिती टपालाने पाठवावी'. त्यातही फुली.

"हे बघ!" मावशीने टेबलावर थाप मारली. कपातला चहा बशीत सांडला. "सांगितलं नव्हतं मी?"

"मावशी, पण ही फुली म्हणजे..."

"फुली म्हणजे फुली. नको. परत न्या. आणखी काय असतं फुली म्हणजे?"

ती उठली आणि शिवणाच्या पेटीतून एक गुलाबी कार्ड घेऊन आली. कारखाना बंद पडला त्या दिवशी आठवण म्हणून खिशात घातलेलं. त्यावर रकाने होते: तळवा, टाका, अस्तर, गोंडा. प्रत्येक डझनापुढे तिच्या खुणा. बरोबर असेल तर आधी आखूड आणि मग लांब रेघ ओढलेली बरोबरची खूण. खोट असेल तिथे फुली.

"चोवीस वर्षं," ती म्हणाली. "माझी फुली दिसली की शिवणाऱ्या पोरी मला शिव्या घालायच्या. सगळी जोडी उसवायला लागायची ना त्यांना. त्यातल्या एकीला तरी कधी वाटलं का, की एनिडने 'हो' म्हटलंय?"

मी तो अर्ज भिंगाखाली धरला. पानाच्या अगदी वर, फिक्या करड्या शाईत, एक ओळ होती. अक्षरांची उंची मी मोजली, जेमतेम सव्वा मिलिमीटर. 'लागू असेल त्या चौकोनात फुली करावी.'

म्हणजे बँकेच्या नियमाने फुली हाच होकार होता. मावशीला मी तेव्हा काहीच सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये तो कागद मांडीवर घेऊन मी बघत बसले. रॉटनस्टॉलचा थांबा येईपर्यंत मला एक प्रश्न सुचला होता. फुली म्हणजे 'हो' असेल, तर बरोबरची खूण म्हणजे काय?

वरच्या ओळीप्रमाणे त्या खुणेला काही अर्थच नव्हता. तसं असेल तर मावशी श्रीमती नव्हती, तिला घर नव्हतं, नोकरी नव्हती आणि हप्ताही खात्यातून कापायचा नव्हता. पण बँकेने तिला श्रीमती म्हणूनच पत्रं लिहिली, आणि हप्ता दर महिन्याच्या एक तारखेला बिनचूक कापला. बरोबरची खूणही बँकेने 'हो' धरली आणि फुलीही 'हो'च धरली. त्या कागदावर 'नाही' म्हणायला चिन्हच नव्हतं. शुद्ध पाणी घातलं तरी 'दूषित' आणि गटाराचं घातलं तरी 'दूषित' असंच सांगणारी चाचणी असती, तर प्रयोगशाळेत आम्ही ती त्याच दिवशी कचऱ्यात टाकली असती.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून हे मावशीला सांगितलं. 'नाही' म्हणायची एकच वाट होती, चौकोन कोरा सोडायचा.

ती म्हणाली, "म्हणजे जी बाई गप्प बसली ती सुटली. मी तोंड उघडून 'नाही' म्हटलं, म्हणून अडकले. असंच ना?"

"असंच."

"लाव त्यांना फोन. तू इकडे ये आणि त्यांना फोन लाव."

फोन मी स्पीकरवर टाकला. बँकेच्या तक्रार विभागात आमची गाठ रायन नावाच्या मुलाशी पडली. आवाजावरून मुलगा गोड वाटला. मी चार वाक्यांत मुद्दा मांडला. तो म्हणाला, "समजलं. पण मिसेस ऑर्मरॉड, तुम्ही मतदान करता ना?"

"एकवीस वर्षांची झाल्यापासून एकही चुकवलेलं नाही," मावशी म्हणाली.

"मग मतपत्रिकेवर तुम्ही पसंतीच्या उमेदवारासमोर फुलीच करता. म्हणजे फुलीचा अर्थ 'हो' असतो, हे तुम्हाला माहीत होतं."

मी मनात म्हटलं, मुद्दा चांगला आहे. मावशीचे गाल लाल झाले.

"बाळा, तिथे खोलीत शिरतानाच हातात कागद देऊन सांगतात, एकच फुली कर, बाकी काही केलंस तर मत वाया. तिथे मी बरोबरची खूण करत नाही. तुझ्या कागदावर मी चार ठिकाणी केली आहे. बरं, तू तुझ्या आईला वाढदिवसाचं कार्ड पाठवतोस का रे?"

"पाठवतो, पण..."

"खाली फुल्या काढतोस ना? दोन-तीन?"

"हो."

"त्या कशाच्या?"

रायन घुटमळला. "पाप्यांच्या."

"मग मी बँकेला पापी दिली होती, असं म्हणायचंय का तुला?"

फोनमधून एक विचित्र आवाज आला. तो हसू दाबत होता की खोकत होता, कळलं नाही. "मिसेस ऑर्मरॉड, मी तुमचं म्हणणं नोंदवून घेतो," तो म्हणाला. "पण आमचं उत्तर अंतिम आहे. सहा महिन्यांच्या आत तुम्ही बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे जाऊ शकता."

"सहावी फुलीसुद्धा लिहून घे!" मावशी ओरडली. "टपाल नको म्हणून मारलेली! नऊ वर्षं तुमचा कचरा घरी येतोय माझ्या! तोसुद्धा मीच मागितला का?"

लोकपालांना पाठवायचा अर्ज मी लिहिला. तीन पानं झाली. त्यात अक्षरांच्या उंचीचा परिच्छेद होता आणि चिन्हांच्या अर्थाबद्दल एक पूर्ण पान. मावशीने पेन्सिल घेऊन ते पान उभंआडवं खोडलं. "हे तुझ्या परीक्षेसाठी ठेव," ती म्हणाली. "काय घडलं ते लिही. आणि लिही, की मी नाही म्हटलं होतं." शेवटी दीड पान उरलं. सहा चौकोनांचा छोटा तक्ता मात्र मी हट्टाने राहू दिला, आणि गुलाबी कार्डाची प्रत सोबत जोडली.

तिकडे आमच्यासारख्यांच्या अर्जांचे डोंगर साचले होते. चौदा महिने काहीच झालं नाही. मग एका शनिवारी, आम्ही दोघी पार्किन केक कापत असताना, लोकपालांच्या लंडनमधल्या कार्यालयातून मिस अडेयेमी यांचा फोन आला. मावशीने तो स्पीकरवर घेतला. मावशीचं प्रकरण त्यांच्याकडे होतं. आवाज शांत होता, बोलणं मोजकं. अर्ज वाचलाय, तक्ता पाहिलाय, कार्डही पाहिलंय, असं त्या म्हणाल्या.

"मला एकच विचारायचंय, मिसेस ऑर्मरॉड. तुमचा कारखाना ऑक्टोबर २००५ मध्ये बंद झाला. या विम्यात नोकरी गेल्यास बारा महिन्यांचे हप्ते भरून मिळणार होते. तुम्ही दावा का केला नाही?"

मावशीच्या हातात सुरी तशीच राहिली. "कशाचा दावा?"

"विम्याचा."

"बाई," मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "त्या वर्षी मी पहाटे पाच वाजता पबच्या मुताऱ्या धुवायला जायचे. एका नाही, दोन पबच्या. हप्ता चुकायला नको म्हणून. एकही चुकवला नाही मी, बघा तुमच्या कागदांत. माझ्याकडे विमा आहे हे मला माहीत असतं, तर मी त्या काय हौस म्हणून धुतल्या असत्या?"

पलीकडे कळफलक वाजू लागला.

मला हे ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि मावशीने सगळ्यांना सांगितलं होतं की सकाळी थोडं साफसफाईचं काम मिळालंय, पाय मोकळे होतात. चौदा महिने मी चौकोन आणि खुणा मोजत बसले होते. सगळ्यात मोठा पुरावा माझ्यासमोर केक कापत होता, आणि मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. विमा विकणाऱ्यांना तरी तेव्हा तिची आठवण झाली होती का? पैसे त्यांच्याकडे महिन्याच्या महिन्याला पोहोचत होते. ती मुताऱ्या धुऊन पाठवत होती. 'तुमची नोकरी गेली आहे, तुमचा विमा आहे,' असं एका ओळीचं पत्र पाठवायला काय लागलं असतं? सहलींची माहितीपत्रकं पाठवायला त्यांच्याकडे टपालाची तिकिटं होतीच की.

तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं. लोकपालांचा निकाल लागण्याआधी प्रकरण मिटवण्यासाठी, 'केवळ सदिच्छेपोटी आणि कोणतीही चूक मान्य न करता', पाचशे पौंड देण्याची त्यांची तयारी होती. सोबत एक फॉर्म होता. खाली एक चौकोन. 'प्रस्ताव मान्य असल्यास चौकोनात फुली करावी.'

मावशी आधी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि कपाळावरची शीर तटतटली. तिने पेन उचललं.

"मावशी, थांब! फुली मारू नकोस!" मी तिचा हात धरला. "ते परत हो धरतील."

"कळतंय मला."

"आणि दोन मिनिटं विचार कर. निकाल विरुद्ध गेला तर हे पाचशेही जातील. तुझा बॉयलर बंद पडलाय, घर गारठलंय. पैसे नकोत का तुला?"

"नकोत कुणी म्हटलं? हवेत. सगळे हवेत." तिने माझा हात बाजूला केला. "पण आधी त्यांनी लिहायचं, की एनिड ऑर्मरॉडने नाही म्हटलं होतं. ही सदिच्छा म्हणजे माझ्या तोंडावर फेकलेलं लिमलेट आहे. रडू नको, घे. मी घेतलं, की त्यांच्या कागदात काय राहील? की म्हातारी विसरली होती आणि आम्ही दया केली."

त्या चौकोनात तिने मोठ्या अक्षरांत 'नाही' लिहिलं. 'ना' चौकोनात मावला, 'ही' बाहेर पडला. तिने दोन्हींखाली रेघ ओढली.

निकाल येईपर्यंतचे सात आठवडे ती स्वयंपाकघरात कोट घालून बसायची. मी विजेचा हीटर नेऊन दिला, तर म्हणाली, "बिल तू भरणार का?" आणि लावला नाही. मला झोप येत नव्हती. पाचशे घ्यायला लावायला हवे होते, असं मला रोज वाटायचं.

निकालाचं पाकीट आलं तेव्हा तिने मला कामावर फोन केला आणि फोनवरच वाचून दाखवलं. आधीची दोन पानं तिने भराभर वाचली. मग वेग कमी केला.

"'एकाच व्यक्तीने एकाच पानावर दोन वेगळ्या खुणा केल्या असतील, तर त्यांचा अर्थ वेगळा धरायला हवा. नोकरी गेल्यावर त्यांनी दावा केला नाही, यावरूनही विमा असल्याचे त्यांना माहीत नव्हते, हे स्पष्ट होते. श्रीमती ऑर्मरॉड यांनी विम्याला नाही म्हटले होते, असे माझे मत आहे.'"

"मावशी!"

"थांब, परत वाचते." शेवटचं वाक्य तिने आणखी दोनदा वाचलं. विम्याचा प्रत्येक हप्ता व्याजासह परत करावा, असं त्याखाली होतं. ते तिने एकदाच वाचलं.

महिन्याभरात चेक आला. चोवीसशे पौंड आणि वर काही. मी संध्याकाळी गेले, तेव्हा नवा बॉयलर बसवणारा माणूस येऊन मापं घेऊन गेला होता, आणि मावशी टेबलाशी बसली होती. समोर चेकसोबत आलेलं बँकेचं पत्र.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने."

मी वाचलं. 'लोकपालांच्या निर्णयानुसार सोबत रक्कम पाठवत आहोत. या विम्याबाबत आपला जो गैरसमज झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"कुणाचा?"

"आपला. म्हणजे तुझा."

"माझा गैरसमज." तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, टेबलावर सपाट केलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट्या बाजूने, अशी मोठी फुली मारली. पेन कागद फाडून खालच्या मेणकापडात रुतलं. क्षणभर तिने त्या फुलीकडे पाहिलं. मग पेन पुन्हा टेकवलं आणि खाली लिहिलं, 'म्हणजे नाही.'

बँकेच्या पाकिटात घराच्या विम्याचं माहितीपत्रकही होतं. तेही तिने घडी घालून त्या पत्राबरोबर नव्या पाकिटात कोंबलं आणि पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवली.

"तिकीट आहे का तुझ्याकडे?"

मी पर्समधून पहिल्या दर्जाचं, दुसऱ्याच दिवशी पत्र पोहोचवणारं टपाल तिकीट काढून पुढे केलं.

"दुसऱ्या दर्जाचं दे," मावशी म्हणाली. "त्यांनी दहा वर्षं लावली. दोन दिवस उशिरा मिळालं तर मरणार नाहीत."